मागचे दोन स्पीकर

रिसीव्हरच्या पाठीत दोन भोकं होती,
चार वर्षं नुसती धूळ खात.
प्री-आउट, शाल्मला म्हणाली.
इथनं आवाज बाहेर पडतो, पप्पा,
पण त्याच्या अंगात काही नसतं.
जोर दुसऱ्याकडनं घ्यायचा.

मग माळ्यावरनं उतरला जुना ॲम्प्लिफायर,
खडेबाजारातनं हप्त्यावर आणलेला,
ज्या वर्षी मालकानं साडीमागं सव्वा रुपया वाढवला.
वजन होतं तेवढंच, किंवा माझे हात उतरलेत.
झाकण काढलं तर आत सुताची लव,
वडगावातल्या प्रत्येक वस्तूत असते तशी,
आणि एक झुरळ, कधीचं मेलेलं.

शाल्मला उद्यमबागेत पंपांचे पॅनेल जोडते.
वायर सोलता सोलता तिनं समजावलं:
सात स्पीकर एका चुलीवर जेवत होते,
मागच्या दोघांना उरलंसुरलं.
आता मागच्यांची चूल वेगळी.
मी काही बोललो नाही.
आमच्या घरात हा शब्द जपून वापरतात,
धाकटा भाऊ अनगोळला गेला तेव्हापासनं.

बटण दाबलं.
मागनं घूंऽऽ.
मांजर बसलंय काय रे आत, ही म्हणाली.

इराप्पा आला, टेस्टर खिशात, पेन्सिल कानावर.
एक प्लग टीव्हीच्या भिंतीला,
दुसरा स्वयंपाकघरातनं ओढलेला.
एरडू अर्थ आग्यावरी, तो पुटपुटला,
मग माझ्याकडं बघून:
दोन अर्थ झाल्यात की वो मामा,
म्हणून गुणगुणूलालंय.
ही हसली. अरे बाबा,
इथं पाटीपासनं पावतीपर्यंत सगळ्याचेच दोन,
कुठं कुठं टेस्टर लावशील?
इराप्पा हसला नाही. त्याला घाई होती.
पिन तेवढी तोडू नका, मरशिला एखाद्या दिवशी.
दोन्ही एकाच बोर्डात घाला.
घातले. गप्प झालं.
चहा प्याला, पैसे नको म्हणाला.
पंधरा दिवसांनी येऊन घेऊन गेला.

मग मोजमाप.
सोफ्यावर माझ्या जागी उशा रचल्या,
त्यांच्यावर माझ्या कानाच्या उंचीला माइक,
आणि सगळ्यांनी बाहेर. बोलायचं नाही.
आम्ही तिघं पायरीवर.
आत रिकाम्या खोलीत श्श्श
या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात,
कुणी हळूच जागा बदलत असल्यासारखं.
गंगव्वा घागर घेऊन थांबली:
याक होरग निंतीरी?
शाल्मलानं ओठांवर बोट ठेवलं.
गंगव्वाही थांबली मग, घागर कमरेवर,
कशासाठी ते न विचारता.

मशीनचा हिशेब आला:
मागचा डावा, मागचा उजवा, दोघे सारखे.
शाल्मलानं रिमोट घेतला
आणि डावा चार घरं वर नेला.
मशीन चुकलं काय?
नाही, ती म्हणाली,
मशीनला दोन्ही कान आहेत.

मी कुणाला सांगितलं नव्हतं.
एकतीस वर्षं माझ्या डाव्या हाताला
बाबू म्हेत्रेचा माग. धोटा इकडं, धोटा तिकडं,
आणि कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही हसायचो.
तेव्हापासनं लग्नात मी डावीकडची खुर्ची धरतो,
फोन उजवीकडं,
आणि हिनं डावीकडनं हाक मारली
तर रागावल्याचं सोंग घेतो.
तेवढं पुरेल वाटलं होतं.

रात्री कुठलासा पिक्चर लावला.
जंगल. कुणी बोलत नव्हतं.
वाळक्या पानांवरनं कोणीतरी चालत आलं,
मागनं,
डावीकडनं.

मी मान वळवली.
भिंत. खिळ्याला कॅलेंडर.
भिंतीला टेकून शाल्मला,
जिला पिक्चरमधलं काहीतरी
अचानक फार महत्त्वाचं वाटायला लागलं होतं.

आवाज कमी करू काय, हिनं विचारलं.
राहू दे, म्हणालो.
डावीकडनं विचारलं होतं.